साडेपाचची आत्या

साडेपाच वाजले की आत्या उठायची. व्यासपीठावर कवी असो, कादंबरीकार असो, नाहीतर पुण्याहून खास गाडी पाठवून आणलेले समीक्षक असोत. पहिल्या रांगेत मधोमध बसलेली आमची आत्या साडेपाचच्या ठोक्याला उभी राहायची, बोलणाऱ्याला दोन्ही हात जोडायची, लुगड्याला मागून लागलेली माती झटकायची आणि सगळ्या मांडवादेखत चालू लागायची. वाक्य पुरं होण्याची वाट तिनं कधी पाहिली नाही. “वाक्य संपायची वाट बघितली तर दुसरं सुरू करत्यात,” असं तिचं म्हणणं होतं. मेळ्याच्या त्या सगळ्या वर्षांत मला ते खोडून काढता आलं नाही.

मेळा म्हणजे आमचा जुन्नरचा साहित्य मेळा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही पाचसहा जणांनी, वय आणि अक्कल दोन्ही बेताची असताना, तो सुरू केला. थंडीत तीन दिवस. सकाळी पाहुण्या लेखकांना घेऊन शिवनेरीची नाहीतर लेण्याद्रीची पायी फेरी, दुपारी शाळेच्या पटांगणातल्या मांडवात कवितावाचन आणि साडेचारला मुख्य पाहुण्यांचं कथावाचन किंवा भाषण. मी त्याचा चिटणीस. चिटणीस म्हणजे सतरंज्या झटकणारा, माईकची वायर शोधणारा आणि ज्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नाही अशांचा भरघोस परिचय करून देणारा माणूस. मूळचा मी राजुरीचा. जुन्नरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आत्याकडेच राहायला आलो. तिचं घर पटांगणामागच्या ओढ्यापलीकडे. यजमान एसटीत कंडक्टर. धारेच्या वेळी ते बहुतेक माळशेज घाटात असायचे. दावणीला एक जर्सी गाय आणि भुरी नावाची म्हैस. गाय कोणालाही दूध द्यायची, भुरी मात्र आत्याशिवाय कोणाच्या हाताला पान्हा सोडत नसे. आणि साडेसहाला डेअरी बंद व्हायची.

पहिल्यांदा आलेले पाहुणे हबकायचे. एका कवींना वाटलं, आपल्या ओळीत काही वावगं गेलं. त्यांनी तीच कविता पुन्हा, जरा सौम्य करून म्हटली. एका प्राध्यापकांनी घड्याळ पाहून भाषण आवरतं घेतलं, तेव्हा मांडवानं मनातल्या मनात आत्याचे आभार मानले. पण मेळ्याचे अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळं गाव हेडसर म्हणायचं, त्यांना हे खपेना. आत्याच्याच ओसरीवर बैठक चालली होती, तेव्हा त्यांनी विषय काढला.

“सुभाषराव, तुमच्या आत्यांना जरा मागं बसवा. पुढून उठलेलं दिसतं.”

आत्या आतून चहा घेऊन येत होती. “मागनं मला दिसत न्हाई, हेडसर. तुमीच ते वाचन दुपारी घ्या की.”

“बाई, साहित्य धारेची वेळ बघून चालत नसतं.”

“मग उद्यापासनं साहित्यिकांचा चहा कोराच पाठवते.”

मेळ्याचं सगळं दूध भुरीचं होतं. हेडसरांनी बशीतला चहा संपवला आणि बैठकीतला पुढचा विषय घेतला.

एका वर्षी मात्र मला वाटलं, आत्याला एकदा तरी पुरता कार्यक्रम ऐकू द्यावा. म्हशी कापडाच्या वासावर माणूस ओळखतात, असं मी कोणाकडून तरी ऐकलं होतं. आत्याला मांडवात शपथ घालून बसवलं, घरी आलो, दोरीवरचं तिचं हिरवं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला आणि भुरीच्या कुशीला बसलो. भुरीनं मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं. तशा तुच्छतेनं माझ्याकडे नंतर फक्त शिक्षणाधिकाऱ्यांनी पाहिलं आहे. मग बादली एकीकडे आणि चिटणीस दुसरीकडे. मी शेणातून उठत होतो तेव्हा दारात हेडसर उभे होते. आभार कोण मानणार हे विचारायला आले होते. ते आल्या पावली परत गेले. आत्याला मांडवातून बोलावून आणावं लागलं. हसू दाबत ती म्हणाली, “लुगडं वळखलं रं तिनं. आतला माणूस न्हाई पटला.”

असं असल्यामुळे आत्याला प्रत्येक गोष्टीचा पूर्वार्ध पाठ असायचा आणि शेवट कधीच ठाऊक नसायचा. तो सांगायचं काम माझ्याकडे आलं. दिवेलागणीला ती चुलीपुढं भाकरी थापायला बसली की विचारायची, “मग? त्या मास्तराचं काय झालं?” आता अडचण अशी, की शेवट मलाही माहीत नसायचा. चिटणीस शेवट ऐकत नाही. त्या वेळी तो सत्काराची शाल कोणाच्या पिशवीत राहिली ते शोधत असतो. पण मेळ्याचा चिटणीस असून आपण ऐकलं नाही, हे सांगायची मला लाज वाटली. म्हणून पहिला शेवट मी रचला. तो तिला आवडला. मग दुसरा रचला.

आत्याला रडकं चालायचं, अर्धवट चालायचं नाही. गोष्टीत कोणी चुलीवर दूध ठेवलं असेल, तर ते कोणी उतरवलं हे तिला कळायला हवं असायचं. त्यामुळे माझे शेवट फार बंदोबस्ताचे झाले. म्हातारा मेला तरी चालेल, पण त्याच्या शेळीची सोय आधी लावायची. सकाळी डेअरीच्या रांगेत ती ते शेवट बायांना सांगायची. जुन्नरच्या त्या डेअरीवर त्या काळी कितीतरी चांगल्या लेखकांच्या कथा माझ्या शेवटांसकट फिरत होत्या, आणि बिचाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

चार वर्षं हे निभावलं. पाचव्या वर्षी मंचरकडचे एक कथाकार आले. त्यांची कथा धरणात जाणाऱ्या गावाची होती. आमच्याकडे ती कोणाला समजावून सांगावी लागत नाही. मांडवातल्या कितीतरी जणांचे सोयरे आंबेगावाकडचे, पाण्याखाली गेलेल्या घरांच्या चौकटी नव्या घरांना लावून राहणारे. कथेत हौसा नावाची एकटी बाई होती. गाव उठून गेलेलं, पाणी ओढ्यापर्यंत आलेलं. भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आलाय आणि ही उंबऱ्यावर बसून राहिलीय, उठत नाही. तिथं साडेपाच वाजले. आत्या उठली, हात जोडले, माती झटकली आणि चार पावलांवर जाऊन थांबली. वळून व्यासपीठाकडे पाहिलं. असं तिनं कधी केलं नव्हतं. मग ती गेली, आणि त्याच वेळी मांडवातली लाईटही गेली. मी जनरेटरकडे पळालो. तो सुरू होईपर्यंत कथा संपून टाळ्या वाजत होत्या.

संध्याकाळी आत्यानं पिठात हात घालायच्या आधीच विचारलं, “उठली का ती?”

“उठली,” मी म्हणालो. “भावाला चौकट उतरवायला लावली, गाडीत घातली आणि नव्या गावात नव्या घराला तीच बसवली.”

“आन् गाय?”

“गाडीच्या मागं बांधून नेली.”

“मग झालं तर,” म्हणून तिनं परात पुढं ओढली.

पाहुण्यांची जेवणं आम्ही घराघरांत वाटून द्यायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कथाकारांना आत्यानं हट्टानं मागून घेतलं आणि मासवडीचा घाट घातला. मासवडी आणि रस्सा पुढ्यात आला की भले भले समीक्षक मवाळ होतात. आत्या रस्सा वाढता वाढता म्हणाली, “भाऊ, तुमी हौसाला तितनं नेलीत ते लई बरं केलंत.”

“नेली? कुठं नेली?”

मी पाण्याचा तांब्या उचलून बाहेर निघालो.

“बस खाली,” आत्या म्हणाली. “तांब्या भरलेला हाय.”

“हौसा जात नाही हो आत्याबाई,” कथाकार म्हणाले. “भाऊ रिकामी गाडी घेऊन परत जातो. ती तिथंच राहते. शेवटी पाण्यावर नुसती चौकट तरंगताना दिसते.”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पळी रश्शात तशीच धरून तिनं विचारलं, “आन् गाय?”

“कुठली गाय?”

“गोठ्यातली. तांबडी, एक शिंग मोडलेली. तुमीच सांगितलं व्हतं सुरवातीला. दाव्याला बांधली व्हती.”

“ती… ती आपली वातावरणासाठी होती.”

“वातावरणाला दावं लावून ठिवलं व्हय? भाऊ, बाई जीव दील. देत्यात बाया. पर गाय बांधलेली ठिवून न्हाई देणार. आदी दावं सोडंल, मग काय करायचं ते करंल.”

कथाकारांचा घास हातातच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

पाहुणे गेल्यावर ताटं उचलताना आत्यानं विचारलं, “त्या मास्तराचं लगीन झालं व्हतं का?”

“माहीत नाही.”

“आन् ती पोस्टातली बाई? लेकाला सापडली ना?”

“माहीत नाही, आत्या.”

“खरे किती व्हते त्यातले?”

मी आठवून पाहिलं. “दोन असतील.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. “मी डेअरीवर शपथेवर सांगितलं रे बायांना,” एवढंच म्हणाली आणि ताटं घासायला घेऊन गेली. त्या दिवशी संध्याकाळी तिनं मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. मेळा संपला होता, मांडव उतरला होता, आणि चुलीपुढं आम्ही दोघं एकमेकांना मीठ मागत जेवत होतो. तिनं मला पुन्हा कधी “मग?” म्हटलं नाही तर काय, या विचारानं मला भाकरी गोड लागेना.

चौथ्या दिवशी सकाळी ती डेअरीवर गेली आणि रांगेतल्या सगळ्या बायांना तिनं सांगून टाकलं, की आजवरचे शेवट लेखकांचे नव्हते, माझ्या भाच्यानं मनानं केलेले होते. परत आली, किटली पालथी घातली आणि माझ्यासमोर बसली.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाल्या, आसंल. पर पोस्टातल्या बाईचा तोच ऱ्हाऊ दे.” मग तिला हसू फुटलं. हसून झाल्यावर ती म्हणाली, “हे बघ सुभ्या. म्हाईत नसलं तर आदी म्हाईत न्हाई म्हणायचं. मंग रचायचं. रचायला माजी ना न्हाई.”

दोनेक महिन्यांनी तिच्या नावावर कथाकारांचं कार्ड आलं. ‘गाय सोडली. हौसाला वाचवणं मला जमलं नाही, राग नसावा.’ पुढं पुस्तक निघालं, त्यात शेवटाच्या जरा आधी एक नवीन वाक्य होतं: भाऊ गेल्यावर हौसा गोठ्यात गेली, तांबडीचं दावं सोडलं आणि तिला डोंगराच्या वाटेला लावून आली. मी ती कथा आत्याला धारा झाल्यावर, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. बराच वेळ ती चुलीतलं लाकूड मागंपुढं करत राहिली. “मेली ती मेली,” मग म्हणाली. “पर आता पटतंय.”

दोन हजार सालानंतर तिचे गुडघे गेले. धारेला बसता येईना. गाय गेली, आणि भुरी मढ गावच्या एका बाईनं घेतली. ती बाई आठ दिवस रोज येऊन आत्याच्या शेजारी बसली, तेव्हा कुठं भुरीनं तिला हात लावू दिला. जाताना आत्यानं म्हशीबरोबर आपलं ते हिरवं लुगडं दिलं. “हिचा काय भरवसा न्हाई,” म्हणाली.

त्या वर्षीच्या मेळ्यात आत्या नेहमीच्या जागेवर होती. साडेपाच वाजले तेव्हा आमची सगळी समिती तिच्याकडे बघत होती. व्यासपीठावरच्या लेखिका पूर्वी एकदा येऊन गेलेल्या. त्या वाचता वाचता आपसूक थांबल्या. “वाचा की बाई,” आत्या म्हणाली. “आता मला कुनी हाक मारत न्हाई.” हेडसरांनी चष्मा काढून उगीचच पुसला.

मी तेव्हाही शाल शोधत होतो. संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा मी तिला विचारलं, “मग? शेवट काय झाला?”

“म्हाईत न्हाई,” ती म्हणाली. “साडेपाचाच्या म्होरं ऐकायची सवय कुठाय? डोळा लागला. पर बस, सांगते.” आणि तिनं जो शेवट सांगितला, त्यात तीन माणसं, दोन कुत्री आणि उतू जायला आलेलं दूध, सगळ्यांची सोय लागली होती. लेखिकाबाईंनी नंतर मला पुस्तक भेट पाठवलं. मी त्याची शेवटची पानं अजून वाचलेली नाहीत.

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गोष्टी सांगायचा नाद मला लागला तो लागलाच, आणि घरातल्यांना तो सोसावा लागतो. माझ्या मुली अधूनमधून विचारतात, आत्याआजी कशी गेली. मी आधी सांगतो, मला माहीत नाही. मी त्या दिवशी पुण्याला दहावीचे पेपर तपासत होतो. मग रचतो. ओसरीवर उन्हं उतरलेली होती, शेजारची कोणी पोर तिला पेपर वाचून दाखवत होती. साडेपाच वाजले. वाक्य अर्ध्यात होतं. ती उठली, गुडघे दुखले नाहीत. हात जोडले, माती झटकली आणि ओढ्याकडे चालू लागली.

“आणि भुरी?” धाकटी विचारते.

भुरीचं मात्र मला रचावं लागत नाही. आत्याचे दिवस झाल्यावर मी मढला जाऊन आलो. भुरी म्हातारी झाली होती, दूध कधीच आटलं होतं, पण दावणीला होती आणि पुढ्यात हिरवी वैरण होती. खुंटीला लुगडं लटकत होतं. मी जवळ गेलो तेव्हा तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, अगदी पूर्वीसारखंच. एवढं सगळं खरं आहे.