सदाचे पाय

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. देवासमोर बसून मनातल्या मनात सुरुवात करायचो — आणि मग काहीतरी काम आठवून उठायचो. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. म्हणून तुम्हाला सांगतो.

आधीच सांगून ठेवतो, गोष्ट क्रिकेटची आहे. तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, एवढंच? मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच म्हणत आलो. एवढंच तर होतं. खेळच तर होता. पण मग सदा दिसला की मी रस्ता का बदलतो?

तेव्हा मी रत्नागिरीत कचेरीत कारकून होतो. आपण विश्वचषक जिंकून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. त्या विजयानंतर आमच्या गावात जो तो निवड समितीचा सभासद झाला होता. आमची समिती बसायची बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत, दिनूकाकांच्या टेलरिंगच्या दुकानात. कापड कापायच्या टेबलावर दिनूकाका त्यांच्या खडूनं अकरा नावं लिहायचे आणि मग भांडण. हा का? तो का नाही? मुंबईचाच का? डावखुरा फिरकीवाला कशाला हवा, पन्नास षटकांत त्याला काय लोणचं घालायचंय? कुणीतरी रागानं तळहातानं एक नाव पुसायचं, दुसरा परत लिहायचा. गिऱ्हाईक पँट न्यायला यायचं ते तासभर तिथंच अडकायचं. टेबलावरचा खडू आमच्या सगळ्यांच्या बाह्यांना लागलेला असायचा.

त्या दुकानात माझा मान होता. का? तर ट्रान्झिस्टर माझा होता. त्याचा स्पीकर फाटलेला, आवाज मोठा केला की नुसती फरफर. म्हणून मी तो कानाला लावून बसायचो आणि बाकीच्यांना स्कोअर सांगायचो. हिंदी समालोचन थोडं आजूबाजूच्यांनाही पुसट कळायचं. पण इंग्रजी सुरू झालं की सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. कचेरीत मला कोण विचारत होतं? इथं मी तोंड उघडेपर्यंत चौकार चौकार नव्हता.

आणि माझा एक लाडका फलंदाज होता. नाव घेत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काय दोष? मधल्या फळीत खेळायचा, देखणा, पण सावकाश. मी त्याची बाजू इतकी घ्यायचो की दुकानात त्याला ‘तुझा जावई’ म्हणायचे. जावयाला वगळलं की मी दोन दिवस जेवायचो नाही नीट. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती, आणि मला जावई मिळालेला होता.

आता सदा. सदा मिरकरवाड्यातला. मासेमारीच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करायचा, बंदरावर सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. क्रिकेटमधलं त्याला फार कळत होतं अशातला भाग नाही. अर्ध्या वेळा तो भलत्यालाच संघात घ्यायला निघायचा. पण जावयावर त्याचा दात होता. वनडेत हा माणूस म्हणजे लाँचला बैलगाडीचं चाक लावल्यासारखं आहे, असं तो म्हणायचा आणि सगळं दुकान खिदळायचं. मला ते लागायचं. फार लागायचं. आता विचार केला तर हसू येतं — नाही, खरं म्हणजे हसू येत नाही.

त्या आठवड्यात जावई संघात परत आला होता. मी नाक वर करून हिंडत होतो. शनिवारी सदाशी कडाक्याचं वाजलं. तो म्हणाला, बघच तू, रडवील. आणि मी, सगळ्यांसमोर, टेबलावर हात आपटून म्हणालो की उद्या जावयानं सामना काढून दिला नाही तर मी या दुकानात परत क्रिकेटवर तोंड उघडणार नाही. दिनूकाका म्हणाले, सगळ्यांनी ऐकलं हां. सगळ्यांनी ऐकलं होतं.

रविवारी आपली फलंदाजी दुसरी होती. सदा सकाळपासून बंदरावर कुणाच्यातरी इंजिनात डोकं घालून बसला होता, काम उरकलं की येतो म्हणाला होता. जावई खेळायला आला. चेंडू जात होते, धावा होत नव्हत्या. मी सांगताना जरा सजवून सांगत होतो — काय बचाव केलाय, काय तंत्र आहे. इंग्रजी समालोचन चालू होतं. आणि तो पुढे सरसावला, उंच मारला आणि झेलबाद झाला. मैदान एकदम गप्प झालेलं मला कानात ऐकू आलं.

मी बोललो नाही.

का नाही बोललो? खरंच सांगतो, तेव्हा मनात कसलाही डाव नव्हता. माझी जीभच उचलेना. सगळे माझ्याकडे बघत होते. दिनूकाकांनी विचारलं, काय झालं, असा का चेहरा? मी म्हणालो, थांबा, खरखर आहे. रेडिओ हलवल्यासारखं केलं, एरियल फिरवली. पुढचा फलंदाज मैदानात यायला निघालासुद्धा, आणि मी आपला एरियल फिरवतोय. आता सांगावंच लागणार, आणि सांगितलं की या दुकानात माझं तोंड कायमचं बंद. असं कोंडल्यासारखं मला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात सदा आला. हात पुसत, हसत, पायरीवर पाय ठेवला. आणि मी ओरडलो, “गेला!”

बस्स. एवढंच केलं मी. एक खरी बातमी जरा उशिरा सांगितली.

कुणीतरी म्हणालं, हा आला आणि तो गेला बघ. तिथंही थांबलं असतं. पण मला सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून हटलेल्या दिसल्या, केवढं हायसं वाटलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “मेल्या, पांढऱ्या पायाचा आहेस तू!”

सगळे खो खो हसले. सदाही हसला. त्यानं खाली आपल्या पायांकडे बघितलं, चपलेतून बोटं वर करून दाखवली आणि म्हणाला, “पांढरे कुठं रे? ऑइलनं काळे झालेत, बघ की.”

त्या दिवशी आपण हरलो. माझ्या पैजेची आठवण कुणाला राहिली नाही. जाताना दिनूकाकांनी तेवढं विचारलं, की मघाशी एवढा वेळ गप्प का होतास रे? मी म्हणालो, सांगितलं ना, खरखर होती.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. हा एक खेळच झाला. सामना असला की सदाची वाट बघायचे. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की कुणीतरी म्हणायचं, आला, आता कोण जातो बघा. आणि सगळे माझ्याकडे वळायचे. मी काय करायला हवं होतं? काही गेलेलं नाही, सगळं ठीक आहे, एवढं म्हणायचं होतं. बहुतेक वेळा तेच खरं असायचं आणि मी तेच सांगायचो. पण ते कुणाच्या लक्षात राहत नसे. आणि दोनदा — दोनदा मी विकेट परत दाबून ठेवली. तो पायरी चढेपर्यंत. ही मात्र जाणूनबुजून. लोकांना ते हवं होतं, मला लोकांनी माझ्याकडे बघायला हवं होतं. शिवाय मनात भीती होती की हे बोलणं विरलं तर दिनूकाकांना तो पहिला रविवार नीट आठवेल. म्हणून एक लपवायला दुसरं, दुसरं लपवायला तिसरं. मीच विणलेल्या जाळ्यात मी, आणि माझ्याबरोबर तो.

मग एक दिवस सदा पायरीवर चढलाच नाही. समोरच्या गटाराच्या कठड्यावर बसून राहिला. कुणी ये म्हटलं तर म्हणाला, “नाय, आपली फलंदाजी होऊन जाऊ दे.” सगळे हसले. मी त्याच्याकडे बघितलं. तो हसत नव्हता.

पुढे दिनूकाकांनी दुकानात टीव्ही घेतला. माझ्या ट्रान्झिस्टरची गरज संपली. आता सगळ्यांना सगळं डोळ्यांनी दिसत होतं. पण सदाच्या पायांना ते शेपूट चिकटलं ते चिकटलंच. त्या शेपटाला आता माझी गरज नव्हती.

दुकानात कपडे शिवायला बंदरावरचे लोक यायचे. लाँचवाल्यांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा — समुद्रावर जाणारा माणूस असल्या गोष्टी हसण्यावारी नेत नाही. त्याला परवडतच नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून लाँच पहिल्यांदा बाहेर काढायच्या, त्या आधी इंजिन तपासायला दर वर्षी सदा जायचा. त्या वर्षी एका लाँचच्या तांडेलानं, म्हणजे लाँच चालवणाऱ्या मुख्य माणसानं, त्याला सांगितलं की या खेपेला तू चढू नको, मुहूर्ताचं काम आहे. दुसऱ्या लाँचवर त्याला घेतलं, ती नाटे बंदराच्या पुढे बंद पडली आणि ओढून आणावी लागली. डिझेलमध्ये पाणी होतं म्हणे. पण कारण कुणाला हवं होतं? दिवाळीपर्यंत सदाला बंदरावर एकानंही बोलावलं नाही. तो रोज सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन जेट्टीवर जायचा आणि तशीच परत आणायचा. घरी त्याची म्हातारी आई होती.

एका संध्याकाळी तो मला जेट्टीवर भेटला. मी मासे घ्यायला गेलो होतो. माझ्याबरोबर चालत आला. मग थांबला.

“तू शिकलेला आहेस. खरं सांग हां,” तो म्हणाला. “माझ्यामुळं होतं काय रे हे?”

आता बघा. एवढा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. एका वाक्याचं उत्तर होतं. तू यायच्या आधीच विकेट गेली होती, मी उशिरा सांगितलं. त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या, कदाचित एक थोबाडीतही दिली असती. मग आम्ही दोघं दिनूकाकांकडे गेलो असतो, मी तेच तिथं सांगितलं असतं, आणि मग उभं गाव मला — इथंच माझं पाऊल अडलं. उभं गाव मला काय म्हणेल? माझ्या हातात पापलेटाची पिशवी होती, तिच्यातून पाणी गळत होतं, त्याकडे बघत मी म्हणालो, “काय सांगू बाबा. काही गोष्टी असतात.”

त्यानं मान हलवली. जणू डॉक्टरनं निदान सांगितलं. “मला पण तसंच वाटतं,” म्हणाला.

दिवाळीनंतर तो गुजरातेत वेरावळला गेला, तिकडच्या बंदरावर. तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. आई इथंच शेजाऱ्यांच्या भरवशावर राहिली, आणि ती गेली तेव्हा तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. बऱ्याच वर्षांनी तो परत आला. आता आंब्याच्या बागांतले पाण्याचे पंप दुरुस्त करतो. लाँचवर परत चढला नाही. त्याची बायको एकदा माझ्या बायकोला म्हणाली, की आपली फलंदाजी लागली की हे उठून मागच्या पडवीत जाऊन बसतात. बायकोनं मला ते हसत सांगितलं. मी हसलो.

मुलीच्या लग्नाचं आमंत्रण त्याला मी स्वतः जाऊन दिलं. मनात म्हटलं, आता तरी. या निमित्तानं तरी. तिथंही चहा पिऊन परत आलो.

लग्नाच्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली आणि मला तो दिसला. मांडवाच्या बाहेर, चपलांच्या ढिगापाशी, इस्त्रीच्या सदऱ्यात उभा. माझ्या मेव्हण्यानं त्याला आत बोलावलं तर त्यानं हातानंच थांब म्हटलं. त्याच्या मुठीत अक्षता होत्या. त्या त्यानं तिथूनच टाकल्या, त्या चपलांवरच पडल्या असतील. शेवटचं सावधान झालं, वाजंत्री वाजली, तेव्हा तो पाय पुसून आत आला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाला, “म्हटलं पोरीचं लग्न नीट लागू दे. मग जाऊ आत.”

मी त्याला म्हणालो, जेवल्याशिवाय जायचं नाही हां.

पंगतीत त्याला जिलबी मीच वाढली. तो नको नको म्हणत होता आणि मी आग्रह करत होतो, एक घे, आणखी एक घे. त्याच्या पानासमोर वाकलो होतो, तोंड त्याच्या कानाशी होतं. तू पायरीवर यायच्या आधीच तो बाद झाला होता, सदा. एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो?

मी आणखी एक जिलबी वाढली आणि पुढच्या पानाकडे सरकलो.