घरापर्यंत आणण्याचं कलम

धाकट्या बहिणीला दिवस गेल्याची बातमी जर्मनीहून फोनवर आली तेव्हा आई गोठ्यात होती. तिनं हात पदराला पुसले, फोन कानाला लावला आणि आनंद, कौतुक वगैरे सगळं बाजूला ठेवून म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतंय." बहिणीनं समजावलं, की नोकरी आहे, शिवाय शेवटच्या महिन्यांत विमानात बसू देत नाहीत. आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "मग माहेरालाच तिकडं यावं लागंल."

बोलायला बोलून गेली. आमचं गाव आंबवड्याच्या अलीकडं. तिथून भोर, भोरातून पुणं आणि एकदा तुळजापूर, एवढाच आईचा प्रवास. मी भोरात राहते आणि पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे कागद म्हटला की घरादाराला माझी आठवण होते. पासपोर्ट मी काढला. व्हिसासाठी प्रवासाचा विमा सक्तीचा होता, तोही माझ्याच गळ्यात पडला.

भोरात एक बाई घराच्या पुढच्या खोलीत विम्याची कामं करतात. आईला घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी विचारलं, "मावशी, आधीचा काही आजार? लपवू नका हं, तिकडं दवाखान्यात गेल्यावर नेमकं तेच आडवं येतं."

आईनं हे फारच मनावर घेतलं. लहानपणचा गोवर, लग्नानंतरचा हिवताप, बांधावर चावलेला विंचू, माझ्या वेळचं अडलेलं बाळंतपण, असं करत करत ती थोरल्या जावेच्या नजरेपर्यंत आली.

"नजर नको लिहायला," बाई न हसता म्हणाल्या.

"घ्या की लिवून. लई दिस भोवली हुती."

एवढं सांगून झालं, पण बीपी काही आलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "आणि बीपीची गोळी?"

"त्यो काय आजार हाय व्हय?" आई म्हणाली. "ती गोळी तर मी रोजच घेते."

बाईंनी बीपी लिहिलं आणि माझ्याकडं बघून निःश्वास टाकला. ते लपलं असतं तर सगळा विमा असून नसल्यासारखाच झाला असता, असं त्यांनी मला जाताना बजावलं.

पॉलिसी आली ती इंग्रजीत. रविवारी मी गावाकडं गेले आणि ओसरीवर बसून आईला मराठीत सांगू लागले. आप्पा खांबाला टेकून बसले होते. माझे वडील मुळात बोलतात कमी, आणि ऐकतात की नाही ते कळत नाही. आजारी पडलं तर काय, पाय मोडला तर काय, दात दुखला तर काय, असं एकेक मी वाचत होते. बॅग हरवली तर पैसे मिळतात हे आईला पटलं नाही. "लाडवाचं पैसं कोन देनार? त्येंला डिंकाचा भाव तरी म्हाईत हाय का?"

एक कलम मात्र मी गिळलं. प्रवासी तिकडं वारला तर काय, याचं. माणूस घराबाहेर पडायच्या आधी असलं काही तोंडातून काढायची आमच्यात पद्धत नाही. शेजारच्या आळीत जायचं तरी कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. मी पान उलटलं आणि म्हटलं, "झालं, एवढंच."

"एवढंच?" आईनं विचारलं.

"एवढंच."

त्या दिवसापासून आईनं माघार घ्यायला सुरुवात केली. म्हैस व्यायला झाली. म्हशीची सोय शेजारी लावली, तर भात कापणीला आला. कापणी चुलतभावानं अंगावर घेतली, तर आप्पांच्या जेवणाचं काय? मी म्हटलं, मी भोरातून रोज ये-जा करीन. मग गुडघे. नाचता येईना अंगण वाकडं! व्हिसा हातात आलेला, तिकीट काढलेलं, आणि ही बाई रोज नवी अडचण घेऊन हजर. तिकडं बहीण फोनवर रडायची. "ताई, ती येणार आहे ना गं? इथं सगळे चांगले आहेत, पण मला एकटीला भीती वाटते." मी तिला म्हणायचे, येणारच, आणि फोन ठेवला की तिकीट रद्द केलं तर किती पैसे कापतात ते बघायचे.

एके दुपारी आई बाळंतिणीच्या लाडवांसाठी तुपात डिंक तळत होती. म्हणजे जायचं मनात होतं, हे उघड होतं. मी खोबरं किसत होते. झाऱ्यानं फुललेला डिंक काढता काढता तिनं विचारलं, "तितं म्या मेले तर काय करत्यात?"

"आई! शुभ बोल जरा."

"बोलल्यानं काय मरतंय व्हय मानूस? इचारतीया तर सांग. तितंच जाळत्यात का?"

मी चिडले. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना खाक्या. "कशाला पाहिजेत तुला असल्या चौकशा? मेल्यावर माणसाला काय कळतंय, कुठं जाळलं ते?"

"मला न्हाईच कळायचं," आई म्हणाली. "पर ह्येंला कळाय पायजे ना."

तिनं गॅस बंद केला आणि माझ्यासमोर बसली. आप्पांच्या धाकट्या भावाची गोष्ट मला ठाऊक होती. लग्नाआधीच तो परमुलखात पुलाच्या कामावर गेला, तिथं वारला, आणि मुकादमानं तिथंच त्याचं सगळं उरकून टाकलं. घरी आली ती नुसती त्याची पिशवी. माझ्या आजीनं ते कधीच खरं मानलं नाही. रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढलं जायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी एक जास्तीचं ताट असतं.

"ते ताट मीच वाढायची," आई म्हणाली. "सासूबाई म्हनायच्या, वाढ, आज यील त्यो. शेवटच्या दुखन्यात बी म्हनल्या. आन् तुझं आप्पा त्याच आईचं ल्योक हायेत. डोळ्यानं बगितल्याबिगर इस्वास ठेवायचं न्हाईत. म्या तितं राख हुन जाईन, आन् ह्ये हितं रस्त्याकडं बगत बसत्याल. माज्यामागं ताट वाढाय तरी कोन हाय त्येंला?"

मला वाटलं होतं, ती विमानाला घाबरते, थंडीला घाबरते, फार तर मरणाला घाबरते. आपण आईला ओळखतो असं म्हणतो, ते किती वरवरचं असतं. मी उठून पर्समधून पॉलिसी आणली आणि ते कलम वाचून दाखवलं. प्रवाशाचा मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च कंपनी करील.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"मायदेशी म्हंजे कुटपातुर? ममईपातुर, का हितपातुर?"

हे काही त्यात नीट कळत नव्हतं. मी तिथूनच विम्याच्या बाईंना फोन लावला. त्यांनी मला ते कलम दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "अहो ताई, हे कुणी विचारतच नाही. थांबा, कंपनीला विचारून सांगते." दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. विमानतळापासून घरापर्यंतची गाडीही त्यातच बसते म्हणाल्या. मी आईला तसं सांगितलं.

"फाट्यावरनं डावीकडं वळायचं, हे सांगून ठिवलंस का?" आई म्हणाली. "नवा डायवर तितं हमखास चुकतोय."

मी हसले आणि हसता हसता रडले. आई मात्र एकदम मोकळी झाली होती. संध्याकाळी आप्पा ओसरीवर विळ्याला धार लावत बसले होते, त्यांच्यापुढं जाऊन ती सरळ म्हणाली, "अवं, ऐकलं का? तितं माजं काय बरंवाईट झालं, तरी ते मला हितं घरापातुर आनून पोचवत्यात. तुमास्नी दाखवत्यात. मग जाऊ ना?"

आप्पांचा हात थांबला. त्यांनी विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"ते आनत्याल ते आनत्याल," ते म्हणाले. "तू आपली तुज्या पायानं ये."

आणि काही काम नसताना उठून गोठ्यात गेले.

निघायच्या दिवशी गाडी ठरवली होती. आप्पा हमरस्त्यावरच्या कापूरहोळपर्यंत येणार होते, तिथून एसटीनं माघारी. कापूरहोळ आलं, गाडी थांबली, आप्पा काही उतरेनात. ड्रायव्हरनं वळून बघितलं. "चल की फुडं," आप्पा त्याला म्हणाले. तसेच मळक्या सदऱ्यात आणि शेतातल्या चपलांत ते मुंबईपर्यंत आले. वाटेत आईनं एकदा खिडकीशी बसलेल्या आप्पांचा सदरा ओढून सरळ केला.

विमानतळाच्या दाराशी सोडायला आलेल्यांना अडवतात. आई पासपोर्ट दाखवून आत गेली, मग परत काचेपाशी आली आणि हातवारे करून म्हशीच्या पेंडीबद्दल काहीतरी सांगू लागली. ते आम्हा दोघांनाही कळलं नाही, पण आप्पांनी मान हलवली. मग ती गर्दीत दिसेनाशी झाली. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "चला आप्पा, घर गाठायला वेळ लागेल."

आप्पा दारावरच्या शिपायाकडं गेले. "सायेब, परत येनारी मानसं कुटनं भाईर येत्यात?"

शिपायानं खालच्या मजल्याकडं बोट दाखवलं. आम्ही खाली गेलो. कठड्याशी लोक दाटीनं उभे होते आणि समोरून माणसं सामानाच्या गाड्या ढकलत बाहेर पडत होती. आप्पा कठड्याला धरून उभे राहिले.

"हेच का ते दार?"

"हेच."

"दुसरं न्हाई ना?"

"नाही, आप्पा."

ते बघत राहिले. दार उघडत होतं, मिटत होतं. मी हळूच म्हटलं, "आप्पा, तिला यायला अजून लई अवकाश आहे."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "दार बगून ठिवतोय."