आप्पांचं वजन

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लघवीचं इन्फेक्शन झालं तेव्हा मी नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या एका दवाखान्यात सिस्टर होते. ताप उतरेना म्हणून त्यांना गावाहून माझ्याकडे आणलं. तपासणीत कळलं की जंतू एकाच औषधाला दाद देतायत, अमिकासिनला. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दहा दिवस इंजेक्शनं लिहून दिली.

"किडनीचा रिपोर्ट आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी कागद पुढं केला. क्रिएटिनिन एक पूर्णांक दोन.

"नॉर्मल आहे," डॉक्टर म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

रोज सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी मी त्यांना सुई द्यायची. दंडावर मांस उरलंच नव्हतं, म्हणून कमरेत. तिथंही चिमटीत नुसती कातडी यायची. हे माझ्या बोटांना रोज कळत होतं, पण त्याचा अर्थ काही डोक्यात आला नाही.

सहाव्या दिवशी आप्पा खाटेवर बसून डोकं हलवत होते. "पोरी, कानात रातकिडं वरडत्यात गं. दिवसाढवळ्या."

"वयामुळं होतं आप्पा. चारच राहिलीत आता."

"बरं. तुला कळतं त्यातलं."

दहा दिवसांनी ताप गेला होता. पण आप्पा भिंत धरून चालायला लागले, आणि हाक मारली तरी वळेनात. पंधरवड्यानंतर मी त्यांना नगरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. त्या बाईंनी कानाची तपासणी केली, फाईल चाळली आणि विचारलं, "यांचं वजन किती?"

कुणी घेतलंच नव्हतं.

त्यांनी आप्पांना काट्यावर उभं केलं. एक्केचाळीस किलो. वय अठ्ठ्याहत्तर. मग रिपोर्टाच्या पाठीवर त्यांनी गणित मांडलं. एकशे चाळीसातून वय वजा केलं, वजनानं गुणलं आणि क्रिएटिनिनच्या बहात्तर पटीनं भागलं. उत्तर आलं एकोणतीस.

"धडधाकट माणसाच्या मानानं यांची किडनी जेमतेम तिसरा हिस्सा काम करते," त्या म्हणाल्या. "क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. यांच्या अंगावर स्नायूच नाहीत, मग रिपोर्टात आकडा वाढणार कुठून? औषध बाहेर पडलं नाही, साचत गेलं. दोन इंजेक्शनांत अंतर वाढवायला हवं होतं, मधल्या दिवसांत रिपोर्ट पुन्हा करायला हवा होता."

"ऐकू येईल का परत?"

"नाही. आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी या औषधानं मेल्या, आणि त्या एकदा गेल्या की गेल्या."

आप्पा आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघत होते.

हे गणित आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण या इंजेक्शनावर कानात आवाज आला की पुढची सुई थांबवायची आणि डॉक्टरांना सांगायचं, हे तर शिकवलं होतं. दवाखान्यात परक्या माणसांसाठी मी ते पाळलंही होतं. घरच्या खाटेपाशी मात्र मी सिस्टर राहिले नाही, लेकही नीट राहिले नाही.

आप्पा गावाकडे परतले. तिथल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी तेच वंदना सांगायचे, वस्ती त्यांच्या मागून म्हणायची. परत गेल्यावर ते पहिल्यांदा वंदनेला बसले त्या दिवशी मी तिथं होते. लोक अजून दुसऱ्या ओळीवर असताना आप्पा शेवटाला पोचले होते, आवाजही भलताच चढला होता. कुणी हसलं नाही. सगळे मान खाली घालून बसले, तेच जास्त लागलं.

घरी आल्यावर ते म्हणाले, "माझाच आवाज मला कळंना. दुसऱ्या कुनाला सांगू द्या आता." त्यानंतर ते विहारात गेले नाहीत. कानाचं मशीन लावून पाहिलं. त्यातून नुसती खरखर येते म्हणाले, आणि काढून ठेवलं.

आता वयस्कर पेशंट आला की मी आधी काट्यावर उभा करते. मग तो आकडा रिपोर्टाशेजारी ठळक लिहून केसपेपर डॉक्टरांपुढं ठेवते. ते हिशेब करून डोस ठरवतात, कधी कमी करतात. आप्पांना त्याचा काय उपयोग?

गेल्या खेपेला मी एका कागदावर लिहून त्यांच्या हातात दिलं, "आप्पा, कान त्या इंजेक्शनानं गेले. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

"जेवलीस का?" त्यांनी केवढ्यांदा तरी विचारलं.

मी मान हलवली. एवढंच झालं. त्यांच्या मनात काय आलं ते मला माहीत नाही. विचारायचं तर पुन्हा लिहावं लागेल, आणि तेवढा धीर होत नाही.