रडायचं म्युझिक

गोडदेव गावातल्या आमच्या सोसायटीच्या गेटजवळच्या बाकड्यावर एक म्हातारे ऑर्गनवादक रोज संध्याकाळी येऊन बसायचे. बसले की आधी चपला काढून बाजूला ठेवायचे. ऑर्गन पायांनीही वाजवतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं. बोलता बोलता त्यांचे अनवाणी पाय पेव्हर ब्लॉकवर हळूच सरकत राहायचे.

तरुणपणी त्यांनी मोठमोठ्या हॉलमध्ये कॉन्सर्ट केल्या, मग सिनेमांचं पार्श्वसंगीत दिलं आणि शेवटी सिरियलचं. एकदा वरच्या खिडकीतून टीव्हीवरची धून आली आणि त्यांचे पाय थांबले. त्या सिरियलमध्ये कोणी मेलं की हीच धून लागते. आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ होती.

"माझीच आहे," ते म्हणाले. "मिसेस गेली तेव्हा चर्चमध्ये वाजवायला लिहिली होती. खूप मोठी आहे ती. नंतर सिरियलवाल्यांना रडायचं म्युझिक पाहिजे होतं. माझ्याकडे तेवढंच होतं."

मग चपला पायात सरकवत ते म्हणाले, "माझ्या वेळी ऑर्गन वाजवू नका, असं फादरना सांगून ठेवलंय. लोकांना सिरियल आठवेल."

मागच्या महिन्यात ते गेले. चर्चमध्ये ऑर्गनचं झाकण बंदच होतं. लोकांच्या खोकण्याचा काय तो आवाज.

संध्याकाळी घरी परतलो, तर वरच्या खिडकीतून तीच धून येत होती. सिरियलमध्ये कोणीतरी मेलं होतं. मी रिकाम्या बाकड्यापाशी धून संपेपर्यंत उभा राहिलो.

फार लवकर संपते ती.