बँड बोलावला आणि वर मॅच लावली

आज संध्याकाळी जालन्यातल्या एका कॅफेत आपल्याच गावच्या पोरांचा बँड ऐकायला गेल्तो. गाणारी सना दिवसा एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत कामाला जाते. गाणी तिनंच लिहिलेली.

दुसरं गाणं रंगात आलेलं असताना मालकानं तिच्या डोक्यावरचा टीव्ही लावला. क्रिकेटची मॅच, तीही आवाजासकट.

सना थांबली. "भाऊ, आवाज तरी बंद करा."

"गिऱ्हाईक मागून राह्यलंय, ताई. तुमचं चालू द्या की."

तिनं माइक ठेवला, आमच्या टेबलाजवळ आली आणि राहिलेलं गाणं तसंच म्हटलं. ऐकणारे आम्ही चौघंच. बाकी सगळे विकेट पडली म्हणून ओरडत होते.

मी मालकाला सांगून आलोय, पुन्हा येणार न्हाई.

आणि जालन्यात काहीच होत न्हाई म्हणून रोज इथं ग्रुपवर रडणाऱ्यांनो, त्या गर्दीत तुम्हीही होतात. तिच्याकडं एकदा तरी बघितलंत का?