समुद्र कुठला, याचा ठराव

छापखान्यात जमिनीवर सांडलेले खिळे, म्हणजे शिशाची ती एकेक अक्षरं, संध्याकाळी झाडून एका डब्यात टाकतात. ‘सवडीनं निवडू’ असं म्हणून. आमच्या नगरच्या दैनिकात असे तीन डबे भरले होते आणि सवड कोणालाच मिळाली नव्हती. आमच्या सहलीचे किस्सेही असेच साठत गेले. आज निवडायला बसलोय, तर हात काळे होणारच!

सहल म्हणजे समुद्रावरची. दैनिकाला सुट्ट्या मोजक्या. सणावाराच्या घरी जायच्या, उरायची सव्वीस जानेवारी. त्या एका दिवसात जाऊन यायचं. नगरहून समुद्र दीडशे मैलांच्या पलीकडे. मग कुठला किनारा गाठायचा, यावर आम्ही चार वर्षं चर्चा केली. त्याच काळात माणसं चंद्रावर गेली, फिरली आणि कंटाळून परतसुद्धा आली!

मूळ कल्पना नानांची. नाना आमचे सर्वांत जुने जुळारी. मूळचे खर्ड्याचे. उभ्यानं खिळे जुळवून जुळवून पाठीला बाक आलेला. एकदा माझ्या हस्ताक्षरातली निधनवार्ता हातात धरून माझ्या टेबलाशी आले.

“साहेब, कोनी गेलं की तुमी लिवता, कुटुंब दुःखसागरात बुडालं. तीस वर्षांत म्या अख्खा जिल्हा बुडवला. येकदा त्यो सागर हाय तरी कसा, बघू तर द्या!”

मी म्हटलं, “नाना, एस.टी.नं जाऊन या की.”

“येकट्यानं बघून काय करू? गावी जाऊन सांगितलं तर खरं कोन म्हनंल? चार मानसं संगती पायजेत.”

चौऱ्याहत्तरच्या पाडव्याला नाना निवृत्त होऊन खर्ड्याला परतणार होते. त्याआधी समुद्र बघायचा. बस, एवढंच मागणं होतं.

* * *

पहिली बैठक एकाहत्तरच्या जानेवारीत. संपादक आणि मालक एकच, अण्णासाहेब. ते म्हणाले, “जुहू. जाता जाता सचिवालयात एक काम उरकू.”

मी उसळलो. “समुद्राला जायचंय की साहेबाला सलाम करायला?”

मशीन चालवणारे युसूफभाई भिंगारचे. ते म्हणाले, “मुरूडला माझी आपा दिली आहे. पंचवीस माणसांचं जेवण ती करील.”

प्रूफं तपासणारे जोशीमास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी भिंतीवर नकाशा टांगला आणि छडी अलिबागवर ठेवली. “लहानपणी मी इथं होतो,” एवढं म्हणून त्यांनी लहानपणच सांगायला घेतलं.

बैठक पाच दिवस चालली. सव्वीस तारीख उजाडली तेव्हा किनारा ठरलेला नव्हता. म्हणून आम्ही कोल्हारला गेलो, प्रवरेच्या काठी. देवीचं दर्शन, भरताची वांगी, भाकरी. पाणी गुडघाभर.

नाना काठावर बसून राहिले. युसूफभाई म्हणाले, “काय नाना, पाणी पाहिलं ना?”

“पाहिलं,” नाना म्हणाले. “पन पलीकडं मानूस धोतर वाळवतोय, त्यो बी दिसतोय.”

* * *

बहात्तर साली मी ठरवलं, आधी माहिती काढायची. अलिबागच्या एका वार्ताहर मित्राला पत्र टाकलं. उत्तर आलं: ‘समुद्र बारा महिने इथेच असतो. केव्हाही या. मात्र ओहोटीला येऊ नका, नुसता चिखल बघून जाल.’

अण्णासाहेबांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढला. “भरती किती वाजता ते आधी नक्की करा. चिखल बघायला पेट्रोल जाळायचं नाही.”

आता नगरला भरतीची वेळ कोणाला विचारायची? सरकारी कचेऱ्यांत फिरणं हा माझा धंदाच. तीन टेबलं हिंडून चौथ्यावर पोहोचलो. तिथल्या कारकुनानं माझा प्रश्न शांतपणे ऐकून घेतला, फाईल मिटली आणि हात जोडले.

“साहेब, माझ्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता येणार, ते मला सांगता येत नाही. तुम्ही समुद्राचं विचारताय!”

ते वर्षही गेलं.

* * *

त्र्याहत्तरचं सांगायला जीभ रेटत नाही. पण सांगतो.

जिल्हा दुष्काळानं भाजला होता. नानांचा धाकटा भाऊ आणि भावजय खडी फोडायच्या कामावर. मी रोज त्या कामांवरून फिरून यायचो, धूळ झाडायचो आणि लिहायचो. अण्णासाहेबांनी जाहीर केलं, “यंदा सहल नाही. लोक पाण्यासाठी मरताहेत, आपण समुद्रावर? लोक काय म्हणतील?”

मलाही ते पटलं. लढाऊ माणसालाही कधी कधी पटतं.

पण त्याच आठवड्यात एका बड्या पुढाऱ्याच्या घरी लग्न झालं. अण्णासाहेब स्वतः जेवून आले आणि बातमी दिली, तीन कॉलम. पंगती किती उठल्या, गुलाबपाणी कसं शिंपडलं, सगळं. मी ती बातमी त्यांच्या टेबलावर आपटली. “ही छापायची तर खडीची बातमी पहिल्या पानावर घ्या!”

खडीची बातमी आत गेली. लग्नाची बाहेर आली. दोन्ही नानांनीच जुळवल्या.

गुलाबपाण्याशी येऊन नाना थांबले. हातात खिळा तसाच. म्हणाले, “साहेब, शिपडायला चालतंय. मंग नुसतं बघायला काय हरकत हुती?”

* * *

चौऱ्याहत्तर. नानांचं शेवटचं वर्ष. या वेळी मी कोणाला सोडलं नाही. रीतसर मतदान घेतलं. अलिबाग सतरा, मुरूड आठ. ठराव लिहिला, अण्णासाहेबांची सही घेतली, नोटीस बोर्डावर लावला. भिंगारच्या एका मालकाची गाडी ठरली. अट एकच, गाडी रात्री परत पाहिजे. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यातून वऱ्हाड जायचं होतं.

आता आमच्या धंद्यातली एक वाईट खोड सांगायला हवी. सभा व्हायच्या आधीच तिची बातमी लिहून ठेवायची. पत्रिका समोर ठेवायची आणि ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ असं ठोकून द्यायचं. या खोडीविरुद्ध मी आयुष्यभर भांडलो. पण सहलीहून परतल्यावर कोणाच्या अंगात त्राण उरणार? सुट्टीमुळे सत्तावीसला अंक नव्हता, म्हणून अठ्ठावीस तारखेच्या अंकाची आतली पानं पंचवीसलाच छापून ठेवायचं ठरलं. तिसऱ्या पानावर जागा उरली. मी सहलीची बातमी लिहून दिली.

बातमी घेऊन नाना आले. “साहेब, मंडळीनं नारळ दिलाय, समुद्राला द्यायला. ते बी घाला की.”

मी घातलं: ‘ज्येष्ठ जुळारी नाना यांनी अथांग सागरास श्रीफळ अर्पण केले.’ नानांनी स्वतःच्या हातानं ते जुळवलं. ‘अथांग’साठी जरा नवे खिळे शोधून काढले. युसूफभाईंनी पानं छापली आणि आम्ही निघालो.

* * *

खंडाळ्याच्या घाटात टायर बसला. वडखळ नाक्यावर पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तिथून एक रस्ता अलिबागला जातो, दुसरा सरळ खाली, मुरूडकडे. वाऱ्याला ओला, खारट वास. अलिबाग पंधरा मैल.

ड्रायव्हरनं विचारलं, “कुठं घेऊ?”

बोर्डावर ठराव होता, गाडीत नव्हता! जोशीमास्तर म्हणाले, “आत्ता तिथं ओहोटी असणार. मुरूडला वाळू तरी चांगली.” युसूफभाई म्हणाले, “आपा जेवणासाठी खोळंबली असेल.” अण्णासाहेब म्हणाले, “मुरूडच घ्या.”

मी खाली उतरलो. “मतदान झालंय! सही आहे तुमची! मालक आहात म्हणून ठराव फिरवाल?”

“अहो, सहलीत कसला ठराव?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे!”

दीड तास भांडण चाललं. त्यातला पाऊण तास माझा.

मध्येच नाना उतरून रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्यांच्या माळा विकणाऱ्या बाईकडे गेले, काहीतरी विचारून आले. माझ्या बाहीला हात लावून म्हणाले, “साहेब, कुटलाबी चालंल. दोन्हीकडं त्योच हाय म्हनं.”

मी म्हणालो, “थांबा नाना, तुमच्यासाठीच भांडतोय!”

अडीच वाजता ड्रायव्हर सीटवर चढला. “आता कुठंच नाही. वऱ्हाडाची गाडी आहे. मुहूर्त तुमच्या ठरावाला थांबत नाही.” त्यानं गाडी वळवली.

नाना खिडकीशी बसले. नारळ मांडीवर.

* * *

अठ्ठावीसला अंक निघाला. आतली पानं फेकून द्या म्हणून मी पुन्हा भांडलो. कागदाची टंचाई होती, अण्णासाहेब म्हणाले, “एक ओळ खोटी म्हणून एवढा कागद जाळू?” बातमी घरोघर गेली. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, “काय, समुद्र कसा होता?”

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी नानांच्या घरी गेलो. सामान बांधलेलं. भिंतीवर तिसऱ्या पानाचं कात्रण, खळीनं चिकटवलेलं. खाली कोनाड्यात तो नारळ.

मी म्हटलं, “नाना, चुकलो मी. उद्याच्या अंकात खुलासा छापतो. माझ्या नावानिशी.”

नाना एकदम उठून उभे राहिले. “नगा, नगा! खर्ड्याला अंक गेलाय. समद्यांनी वाचलाय. भावानं वाचून दाखवला पारावर.”

त्यांची मंडळी चहा घेऊन आल्या. मी कोनाड्याकडे बघून म्हणालो, “वहिनी, हा सुकून जाईल. फोडून टाका, खोबरं तरी होईल.”

त्यांनी नानांकडे बघितलं. नाना कात्रणाकडे बघत होते.

“कसा फोडनार?” नाना म्हणाले. “समुद्राला दिलाय न्हवं त्यो.”