खळदकर सरांच्या मागची खुर्ची

खळदकर सरांचे किस्से बिबवेवाडीत इतके साठलेत, की त्यातले निम्मे खुद्द सरांनाच नवे असतात. टपरीवर कुणी एक सांगितला की दुसरा म्हणतो, "हे काहीच नाही, मी तर स्टेजसमोरच होतो!" सरांच्या सभांना एवढी गर्दी खरंच होत असती, तर सर आज मंत्री असते.

मी मात्र खरोखर होते. मी नसीम शेख, सरांची पीए. सर मूळचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. एकदा आमदार झाले आणि मग तोंडापायी दोनदा पडले. पुन्हा विधानसभेत जायची त्यांची फार इच्छा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. म्हणून वहिनींनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, मला एक काम लावून दिलं. "नसीम, तू स्टेजवर यांच्या मागच्या खुर्चीत बसायचं. गाडी घसरायला लागली की खादीचं जाकीट खाली ओढायचं. पगार त्याचाच समज!"

*

पहिलाच कार्यक्रम गणेश मंडळाचा. आरतीचा मान सरांना. शेजारी स्पीकरची ही भिंत, छातीत नुसतं धडधडतंय. आरती झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "सर, दोन शब्द!" कुणी सांगितलं होतं यांना!

सर माइकवर म्हणाले, "गणपतीला सुपाएवढे कान आहेत. त्याला हळू सांगितलेलंही ऐकू येतं."

मी जाकीट ओढलं, पण तोवर बोलून झालं होतं. पुढच्या वर्षी मंडळाने सरांना पुन्हा आग्रहाचं निमंत्रण दिलं. वेळ फक्त स्पीकर बंद झाल्यानंतरची होती!

*

तुम्ही म्हणाल, आमच्या लोकांना तरी सर गोड बोलत असतील. कुठलं!

आमच्या जमातीचा सत्कार समारंभ होता. अध्यक्ष माझे सख्खे मामू. ते भाषणात म्हणाले, "मुली फार शिकल्या की जोडीचे मुलगे मिळत नाहीत."

"मग मुलगे शिकवा की!" सर खुर्चीतूनच म्हणाले. "मुलींना कशाला थांबवता?"

मामूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जाकीट शिवण उसवेपर्यंत ओढलं. ईदला मामूंकडून शीरखुर्म्याचा डबा आला. बरोबर निरोप होता, "सरांना दे. तुला नाही."

*

कोथरूडच्या एका हॉलमध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर परिसंवाद होता. सगळी आपलीच पुरोगामी मंडळी. एक विद्यार्थिनी प्रश्न विचारायला उभी राहिली, तर सूत्रसंचालक म्हणाले, "प्रश्न लेखी द्यावेत. आणि मतं मांडू नयेत."

"अहो, मग या मुलीला बोलावलंत कशाला?" सर म्हणाले. "टाळ्याही लेखीच घ्या!"

नंतर चहाच्या वेळी एक बाई मला कौतुकाने म्हणाल्या, "नसीम, तुमचं मराठी किती छान आहे हो!" माझ्या एका हातात कप, दुसऱ्या हातात बटाटेवडा. जाकीट ओढायला हात मोकळा नव्हता.

"प्रयत्न करा," सर त्यांना म्हणाले, "तुमचंही होईल."

*

एका सोसायटीत महिला दिन होता. सरांनी फर्डं भाषण केलं. स्वयंपाकघरातला निम्मा भार पुरुषांनी उचललाच पाहिजे, वगैरे. टाळ्या थांबल्यावर पहिल्या रांगेतून वहिनी उठल्या.

"आपल्या घरात साखर कुठल्या डब्यात असते?"

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "प्रश्न लेखी द्यावेत!"

*

निवडणुकीच्या आधी लोकांच्या गाठीभेटींना मांजरीकडे गेलो होतो. नव्या टॉवरमधल्या आयटीवाल्यांची तक्रार होती, शेजारच्या शेतातून वास येतो. "सर, इट्स व्हेरी अनहायजीनिक! वी वॉन्ट ॲक्शन!"

"तो शेणखताचा वास आहे," सर म्हणाले. "तो इथे तुमच्या आधीपासून राहतोय. ॲक्शन घ्यायची तर त्याने घ्यायला हवी."

टॉवरची मतं तिथल्या तिथे गेली. शेतवाल्यांची तरी येतील म्हणून मी बांधावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "काय काका, खूश ना?"

"बोलला ब्येस," तो म्हणाला. "पर मत आमचं दुसऱ्या पार्टीलाच हाय. उद्या आमालाबी आसंच बोलंल की ह्यो!"

*

आता शेवटचा. याला साक्षीदार भरपूर आहेत, पण मागच्या खुर्चीत मी एकटीच होते.

सरांचं तिकीट जवळजवळ नक्की झालं होतं. वय बघता ही शेवटचीच संधी. पक्षाचे मोठे साहेब मुंबईहून सभेला येणार होते आणि अट एकच होती, खळदकरांनी त्यांच्यासमोर तोंड उघडायचं नाही. वहिनी निघताना म्हणाल्या, "नसीम, आज जाकीट सोडलंस तर बघ!"

मी आधीपासूनच टोक मुठीत धरून बसले. मोठे साहेब रंगात आले. म्हणाले, "आपल्या सोसायट्या आपल्यासाठीच ठेवा. घर भाड्याने देताना आधी आडनाव विचारा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. विश्रांतवाडीला मी फ्लॅट बघायला गेले होते, तेव्हा माझं आडनाव ऐकेपर्यंत तो रिकामा होता. त्या दिवशी सर माझ्यासोबत आले होते. मालकाशी तासभर भांडले होते.

आज सर हलले नाहीत. मला दिसत होते फक्त त्यांचे लालबुंद कान आणि गुडघे आवळून धरलेले हात. खरं सांगते, मला राग मोठ्या साहेबांचा आला नाही. सरांचा आला. मग माझा स्वतःचाच आला, कारण ती मूठ माझी होती.

मी जाकीट ओढलं. खाली नाही, वर!

सर उभे राहिले. पुढे माइकवर काय बोलले ते सगळ्या पुण्याने मोबाइलवर पाहिलंय, मी परत सांगत बसत नाही. तिकीट त्याच संध्याकाळी गेलं.

पण माइककडे जाण्याआधी ते क्षणभर माझ्याकडे वळले होते, ते कुठल्याच व्हिडिओत नाही. जाकीट सारखं करत हळूच म्हणाले,

"किती उशीर केलात, नसीमबाई!"